पावसाळी सहल आणि चाकाखालची पकड

आषाढातला रविवार. दादा आणि त्याचे मित्र पाच मोटारसायकलींवरून पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे निघाले आहेत. डोक्याला हेल्मेट घालून तुम्ही दादाच्या मागे बसला आहात. मुळशीचा जलाशय मागे पडतो, धुके उतरते, कड्यांवरून धबधबे कोसळू लागतात. मंडळी खुशीत आहेत. गाड्या अगदी मागोमाग धावत आहेत. एवढ्यात पुढच्या वळणावर रस्त्यात पडलेला दगड दिसतो. आपली गाडी वेळेवर थांबेल का? याचे उत्तर दादाच्या धाडसावर नव्हे, तर घर्षणावर अवलंबून आहे.

मोटारसायकलीचे प्रत्येक चाक रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या भागाने टेकलेले असते. गाडीला पुढे नेणे, वळवणे आणि थांबवणे ही तिन्ही कामे एवढ्याशा भागातले घर्षण करते. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबराचा घर्षण गुणांक सुमारे ०.७ असतो. रस्ता ओला झाला की पाण्याचा पातळ थर मध्ये येतो आणि हा गुणांक ०.४ च्या आसपास उतरतो. टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. चाकाखालचे पाणी त्यांतून बाजूला निघून जाते. टायर झिजून गुळगुळीत झाला, की पाण्याला वाट उरत नाही.

पहिल्या सरी तर विशेष धोक्याच्या. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल, धूळ आणि रबराचा चुरा पाण्यात मिसळून निसरडा लेप तयार होतो. जोराचा पाऊस तो हळूहळू धुऊन नेतो.

आता थोडे गणित करू. ब्रेक लावल्यावर गाडीची सगळी गतिज ऊर्जा घर्षणाविरुद्ध कार्य करण्यात खर्च होते. त्यावरून सूत्र मिळते:

ब्रेक लावल्यानंतरचे अंतर = (वेग × वेग) ÷ (२ × घर्षण गुणांक × गुरुत्व त्वरण)

या सूत्रात वस्तुमान नाही, हे लक्षात आले का? गाडी जड असली म्हणून रस्ता तिला अधिक लवकर थांबवत नाही. वेग मात्र दोनदा आला आहे. म्हणून वेग दुप्पट केला, की अंतर चौपट होते.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. सूत्रात किंमती घातल्या, तर कोरड्या रस्त्यावर २० मीटर आणि ओल्या रस्त्यावर ३५ मीटर अंतर येते. पण दगड दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे ओल्या रस्त्यावर एकूण ५२ मीटर! वेग ताशी ३० किलोमीटर ठेवला, तर हेच अंतर सुमारे १७ मीटर भरते.

घाबरून ब्रेक करकचून दाबला तर? फिरणाऱ्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणी रस्त्यावर घसरत नसतो, म्हणून तेथे स्थितिक घर्षण काम करते. चाक जाम झाले की ते घसरू लागते. मग उरते गतिक घर्षण, आणि ते कमी असते. शिवाय पुढचे चाक घसरले, की तोल गेलाच. म्हणून ओल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत न्यावेत. चाक जाम होऊ न देणारी ए.बी.एस. यंत्रणा भारतात १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या मोटारसायकलींना एप्रिल २०१९ पासून सक्तीची आहे. मात्र निसरड्या रस्त्याचे घर्षण तीही वाढवू शकत नाही.

वळणावर लागणारे अभिकेंद्री बलही घर्षणच पुरवते. ३० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर कोरड्यात वेगाची मर्यादा ताशी सुमारे ५२ किलोमीटर, तर ओल्यात ३९ येते. वळतानाच ब्रेक दाबला, तर तेच घर्षण दोन कामांत वाटले जाते. म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा.

मागे बसून तुम्हीही एक काम करू शकता. पुढची गाडी एखाद्या झाडाजवळून गेली, की सेकंद मोजायला लागा. आपण त्या झाडाशी पोहोचेपर्यंत चार सेकंद व्हायला हवेत. ताशी ६० च्या वेगाने चार सेकंदांत ६७ मीटर अंतर पडते, आणि आपल्याला लागतात ५२. चारच्या आत झाड आले, तर दादाच्या खांद्यावर थाप मारा.

करून पाहा : जुन्या रबरी चपलेचा तुकडा गुळगुळीत फरशीवर ठेवा. फरशीचे एक टोक सावकाश उचला. तुकडा घसरू लागताच उचललेल्या टोकाची उंची मोजा. त्या टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून टेकलेल्या टोकापर्यंतचे आडवे अंतरही मोजा. उंचीला या अंतराने भागले, की घर्षण गुणांक मिळतो. आता फरशीवर साबणाचे पाणी पसरून हाच प्रयोग करा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा आणि सहलीला निघण्यापूर्वी ते दादाला दाखवा.