मेंढा (लेखा) : एका रानांतील खेड्याच्या शिवाराचा अभ्यास

शिवार म्हणजे सातबाऱ्यावर चढलेली जमीन, असा समज आपणां कृषीवलांत पुष्कळ रूढ आहे. ज्याच्या नांवाचा उतारा त्याची जमीन, आणि ज्या जमिनीस कोणाचेंच नांव नाहीं ती सरकारची. व्यवहारांत मात्र या दुसऱ्या वाक्याचा अर्थ, जो आधीं कुंपण घालील त्याची, असा होऊन बसतो. या समजुतीपायीं किती गायरानें, वनें व तळीं नाहींशीं झालीं, हें ज्यानें त्यानें आपल्याच गांवीं फिरून पाहावें. याच्या अगदीं उलट वाटेनें गेलेल्या एका लहानशा गांवाची हकीकत प्रस्तुत लेखांत दिली आहे. ती वाचकांनीं कौतुकापुरती न वाचतां धडा म्हणून वाचावी, अशी विनंति आहे.

गांव व त्याचें रान

मेंढा हें गांव गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत, गडचिरोलीपासून सुमारें तीस किलोमीटरांवर आहे. शेजारीं लेखा नांवाचें गांव असल्यामुळें, इतर मेंढ्यांपासून तें ओळखूं यावें म्हणून त्यास मेंढा (लेखा) असें म्हणतात. जवळून कठाणी नदी वाहते. वस्ती गोंड लोकांची. घरें सुमारें शंभर व माणसें पांचशेंच्या आंतबाहेर. गांवाच्या वहिवाटींतील जंगल मात्र सुमारें १,८०० हेक्टर, म्हणजे साडेचार हजार एकरांच्या जवळपास आहे. यावरून एक गोष्ट तत्काळ ध्यानांत येईल कीं, येथें शेत लहान व रान मोठें आहे.

शेती मुख्यत्वें भाताची, बांध्यांची व पावसावर अवलंबून असलेली. तें एक पीक हातीं आल्यावर वर्षाचे उरलेले महिने भरून काढतें तें रान. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें वेंचावयाचीं. पुढें चारोळी व तेंदूचीं पानें. पावसाळ्यांत बांबूचे कोंब व अळंबीं. हिवाळ्यांत हिरडा, डिंक व बांबूची तोड. औतांस लागणारें लांकूड, कुंपणाची काटी, गुरांची चराई व घराचा वासा हें सर्व रानांतूनच येतें. तेव्हां रानावरील हक्क गेला तर अशा गांवाचें अर्धें वर्ष गेलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हक्काचा पूर्वेतिहास

पूर्व विदर्भांत पूर्वीं मालगुजार व जमीनदार यांची पद्धति होती. त्या काळीं जळण, काटी, चराई इत्यादि गांवकऱ्यांच्या गरजांस निस्तार म्हणत, व गांवच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्ज या कागदांत नमूद असत. तत्कालीन मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्यानें ही पद्धति मोडली, व ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे मालकी हक्क सरकारकडे आले. मालगुजार गेले ही गोष्ट इष्टच झाली. परंतु त्यांच्या ताब्यांतील जंगलें गांवाकडे न येतां सरकारच्या स्वाधीन झालीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम १६१ मध्यें निस्तार-पत्रकाची तरतूद आहे खरी. तथापि पत्रकांत लिहिलेली सवलत आणि जंगलाचा कारभार या दोन गोष्टी भिन्न आहेत. सवलत देणारा दुसरा असतो, व देणाऱ्यास ती आंखडतांही येते. गांवकऱ्यास जळणाची मोळी आणतांना पुसावें लागे, आणि त्याच रानांतील बांबू मात्र ठेक्यानें कागद गिरण्यांकडे जाई.

१९८० च्या सुमारास इंद्रावती व गोदावरी या नद्यांवर भोपालपट्टणम् व इंचमपल्ली येथें मोठीं धरणें बांधण्याची योजना निघाली. तीं झालीं असतीं तर विस्तीर्ण जंगल व अनेक आदिवासी गांवें पाण्याखालीं गेलीं असतीं. त्याविरुद्ध १९८४ सालीं ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हें आंदोलन झालें व धरणें मागें पडलीं. या चळवळींतून परिसरांतील लोक एकत्र बसूं लागले. मेंढ्यानें त्या बसण्यास कायमचें रूप दिलें. गांवचे देवाजी तोफा व बाहेरून अभ्यासासाठीं आलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांचीं नांवें या कामांत प्रसिद्ध आहेत. ‘दिल्ली-मुंबईत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार’ ही या गांवाची घोषणा सर्वत्र माहीत झाली आहे.

निर्णय करण्याची रीत

घोषणा करणें सोपें आहे. ती चालविण्यास रीत लागते. मेंढ्याची रीत दुहेरी आहे. अभ्यासगटांत विषयाची नुसती चर्चा होते. तेथें निर्णय होत नाहीं, व बाहेरच्या जाणत्या माणसासही बसतां येतें. निर्णय होतो तो ग्रामसभेंत, आणि तोही बहुमतानें नव्हे तर सर्वसहमतीनें. एकाचाही सकारण विरोध असल्यास विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो.

यावर वाचक असा आक्षेप घेतील कीं, अशानें कामें खोळंबतात. तीं खोळंबतात हें खरें आहे. परंतु रानासंबंधीं बहुमताचा ठराव काय कामाचा? साठ घरांनीं चराई बंद करण्याचें ठरविलें व चाळीस घरांस तें मान्य नसलें, तर त्या चाळीसांचीं गुरें रात्रीं रानांत शिरणारच. शंभर घरांवर पहारा ठेवण्यास शंभर पहारेकरी कोठून आणावयाचे? सर्वांनीं मिळून घेतलेला निर्णय उशिरा होतो, पण त्यास पहारा कमी लागतो. हा हिशेब गणिताचा आहे, भाविकपणाचा नव्हे.

हक्काची नोंद व बांबूचा वाद

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६, या कायद्यानें गांवास वहिवाटींतील जंगलाचें रक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क मिळण्याची सोय झाली. मेंढ्यानें दावा केला, व २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टरांवरील हक्क त्यास मान्य झाला. सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशांतील अगदीं पहिल्या गांवांत त्याची गणना होते.

परंतु कागद हातीं आला म्हणजे हक्क हातीं आला असें होत नाहीं. गांवानें बांबू विकावयास काढतांच वाहतुकीच्या परवान्याचा प्रश्न उभा राहिला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येंत बांबूची गणना झाडांत होती, त्या आधारें परवाना अडला. उलट २००६ च्या कायद्यांत गौण वनोपजाच्या व्याख्येंत बांबूचें नांव स्पष्टपणें घातलेलें आहे, असें गांवाचें म्हणणें. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हे गांवीं आले, व वाहतूक परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं देण्यांत आलें. पुढें २०१२ च्या सुधारित नियमांनीं असे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. एका शब्दाची व्याख्या कोणत्या कायद्यांत कशी आहे हें गांवानें वाचून ठेवलें होतें, म्हणून हा वाद तडीस गेला. अक्षरओळखीचें महत्त्व याहून निराळें काय सांगावें?

बांबूची तोड कशी करावी

हक्काबरोबर जबाबदारी येते. बांबूच्या बेटांत पावसाळ्यांत नवे कोंब निघतात व कांहीं महिन्यांतच ते पूर्ण उंचीस पोंचतात. मात्र काठी पक्की होण्यास दोन-तीन वर्षें लागतात. नव्या कोंबाचें पोषण जमिनीखालील कंदांतून व जुन्या काठ्यांच्या पानांवर होतें. यास्तव पुढील नियम सर्वत्र पाळण्यासारखे आहेत.

१. कोंब फुटण्याच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्यांत, तोड करूं नये.
२. त्या वर्षाची व आदल्या वर्षाची काठी तोडूं नये. पक्क्या काठ्याही सर्व न काढतां कांहीं बेटांत राखाव्या.
३. काठी जमिनीलगत पेराच्या किंचित् वर तोडावी, म्हणजे थोटकांत पाणी सांचून तें कुजत नाहीं. उंच थोटकें ठेवल्यास बेट गुंततें.
४. कंद खणूं नये.
५. बांबूस फुलोरा पुष्कळ वर्षांनीं एकदांच येतो व बी धरून बेट मरतें. त्यानंतर उगवणाऱ्या रोपांस कांहीं वर्षें आगीपासून व गुरांपासून जपावें.

आगीविषयीं विशेष सांगणें जरूर आहे. मोहाचीं फुलें वेंचण्यास सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देण्याची चाल अनेक ठिकाणीं आहे. ती आग पसरून रोपें व कोंब जळतात. पाचोळा झाडून बाजूस सारणें हें अर्ध्या तासाचें काम. तें टाळण्यासाठीं दहा वर्षांचें रान जाळणें हा कोणता व्यवहार?

जमिनीचा पुढचा निर्णय

रान गांवाचें झाल्यावर शेतांचें काय, हा प्रश्न मेंढ्यानें स्वतःस घातला. २०१३ सालीं, महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४, याखालीं सर्व खातेदारांनीं आपल्या शेतांची मालकी गांवाकडे देण्याचें ठरविलें. यांत शेत कोणी कसणाऱ्याच्या हातून काढून घेत नाहीं. कसणें व वारसा कुटुंबाकडेच राहतो. बंद होतें तें इतकेंच कीं, अडचणींतील माणसानें बाहेरच्या धनवानास जमीन परभारें विकून टाकणें. सरकारी सोपस्कारांस पुढें बरींच वर्षें लागलीं, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. हा मार्ग प्रत्येक गांवास रुचेल असें नाहीं. परंतु जमिनी विकून त्याच जमिनींवर मजुरीस जाणारीं माणसें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस त्यांतील हेतु समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आपल्या गांवीं काय करावें

आमच्या गांवीं जंगल नाहीं, मग हा धडा आम्हांस कशाला, असें कोणी म्हणेल. त्यांनीं तलाठ्याकडे जाऊन पुढील कागद पाहावे. गांव नमुना एक म्हणजे आकारबंद. त्यावरून शिवाराचें एकूण क्षेत्र कळतें. नमुना एक-अ ही वनजमिनीची नोंदवही, एक-ब ही सरकारी पडित जमिनीची, व एक-इ ही अतिक्रमणांची. चराई, गुरांचें राखण इत्यादि गांवच्या कामांसाठीं जमीन राखून ठेवण्याचा अधिकार संहितेच्या कलम २२ अन्वयें जिल्हाधिकाऱ्यांस आहे. तशी जमीन कोणत्या गटांत आहे तेंही पाहावें. मग हीं क्षेत्रें वहींत उतरवून, चार वृद्ध व चार तरुण माणसें बरोबर घेऊन प्रत्यक्ष शिवार फिरावें. कागदावरील एकर व पायाखालचे एकर यांत जें अंतर निघेल, तें गांवाचें हरवलेलें धन होय.

२८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जगपालसिंग विरुद्ध पंजाब सरकार या निकालांत, गांवच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा अतिक्रमणें दूर करण्याची योजना सर्व राज्यांनीं करावी, असें सांगितलें आहे. वननिवासी गांवांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, २००६ च्या कायद्याचा लाभ केवळ आदिवासींसच नसून, १३ डिसेंबर २००५ पूर्वीं तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षें, वनांत राहून उपजीविकेसाठीं त्यावर अवलंबून असलेल्या इतरांसही आहे.

शेवटीं एक सूचना. शिवाराची फेरी केल्यावर जें आढळेल त्यावरून लागलीच भांडण काढूं नये. अतिक्रमण करणारा बहुधा आपलाच भाऊबंद असतो, व कधीं कधीं तोच गांवांतील सर्वांत गरीबही असतो. आधीं अभ्यास, मग चर्चा, आणि सर्वांची संमति मिळाल्यावर ठराव, हा मेंढ्याचा क्रम आहे. पुढील ग्रामसभेंत वाचण्यासाठीं प्रत्येक वाचकानें पुढील तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहून काढावीं.

१. आपल्या गांवाची सामाईक जमीन कागदावर किती, व प्रत्यक्षांत किती आहे?
२. तिच्यावर कोणाचीं गुरें, कोणाची चूल व कोणाचा हंगाम अवलंबून आहे?
३. ती राखण्यासाठीं प्रत्येक घर वर्षांतून किती दिवस श्रम देण्यास तयार आहे?

पहिल्या दोहोंचीं उत्तरें दप्तरांत व शिवारांत सांपडतील. तिसऱ्याचें उत्तर गांवानें एकत्र बसूनच दिलें पाहिजे.