लहान बागेतील बहुपुष्पी झुडुपे

घरापुढील बागेसाठी झुडुपे निवडताना बहुधा रोपवाटिकेतील रोपाचे त्या दिवशीचे रूपच पाहिले जाते. हातभर उंचीचे ते रोप चार वर्षांनी केवढे होईल, याचा विचार होत नाही. मग खिडकीखाली लावलेली पिवळी कण्हेर पाहता पाहता छपरापर्यंत पोहोचते. तिला आवरण्यासाठी वर्षातून अनेकदा कात्री चालवावी लागते आणि प्रत्येक छाटणीत उमलू पाहणाऱ्या कळ्याही कापल्या जातात. झुडूप हिरवेगार राहते, पण फुलत नाही. म्हणून लहान जागेत छाटून लहान ठेवावे लागणारे झुडूप न लावता मुळातच ठेंगणे असणारे झुडूप लावणे श्रेयस्कर ठरते.

काही झुडुपे वर्षातून एकदाच फुलतात, तर काही जवळजवळ बाराही महिने. पॉइन्सेटियाला फुलण्यासाठी लांब रात्री लागतात. त्यामुळे त्याची लाल पाने हिवाळ्यातच शोभा देतात. याउलट अबोली, जास्वंद आणि इक्झोरा यांना नव्या फुटीवर फुले येतात. ऊब, ओलावा व ऊन मिळत राहिले, की नवी फूट येत राहते आणि तिच्याबरोबर कळ्याही येतात. दीर्घकाळ फुलण्याचे रहस्य ते हेच.

अबोली हे दक्षिण भारत व श्रीलंका येथील झुडूप. त्याची उंची साधारणतः ६० ते ९० सेंटिमीटर असते. दुपारची थोडी सावली त्याला मानवते. वाळलेले तुरे वेळीच खुडल्यास बी धरण्यात खर्च होणारी शक्ती नव्या तुऱ्यांना मिळते. तुरे तसेच ठेवल्यास पक्व बोंडे पाण्याचा स्पर्श होताच तडकतात आणि बी दूरवर उडते. ‘दिल्ली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अबोलीच्या प्रकारास मात्र बी धरत नाही. त्याची वाढ छाट कलमांनी करतात.

इक्झोराचे साधे प्रकार पुरुषभर उंच होतात. लहान बागेत त्याचे ठेंगणे प्रकारच लावावेत. त्याला आम्ल माती लागते. कोकणातील जांभ्या मातीत ते सहज वाढते. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत मात्र त्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा जमिनीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. तेथे इक्झोरा कुंडीत, पानांचे खत भरपूर घातलेल्या मातीत लावावा.

पाणी कमी असलेल्या ठिकाणी मादागास्करमधून आलेली दोन झुडुपे उपयोगी पडतात. काटेरी युफोर्बिया मिली कडक उन्हात, थोड्या पाण्यावर वर्षभर फुलते. तिचा पांढरा चीक त्वचेला व डोळ्यांना अपायकारक असल्याने ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी. दुसरे झुडूप सदाफुलीचे. ते उन्हाला भीत नाही, परंतु मुळाशी पाणी साचल्यास कुजते.

सदाफुलीच्या पानांची मधुमेहावरील घरगुती उपाय म्हणून ख्याती होती. १९५० च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांना ती पाने तपासताना रक्तातील पांढऱ्या पेशी घटवणारे द्रव्य आढळले. त्यातून विनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध लाभले. इतके प्रभावी द्रव्य ज्या पानांत आहे, ती मनाने चघळणे किंवा त्यांचा काढा घेणे धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

घाणेरीही दीर्घकाळ फुलते. पण तिची फळे खाऊन पक्षी बी सर्वत्र पसरवतात. बागेची शोभा म्हणून भारतात आणलेल्या या झुडुपाने येथील जंगलांचे विस्तीर्ण भाग व्यापले आहेत. तेव्हा तिला बागेत स्थान न देणेच उचित.

वर्षातून एकदा या झुडुपांची हलकी छाटणी करावी. उत्तर भारतात धुक्याचे व कडाक्याच्या थंडीचे दिवस सरल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस ती करावी. आधी केल्यास कोवळी फूट थंडीने करपते. द्वीपकल्पात पावसाळ्याच्या प्रारंभीचा काळ सोयीचा असतो. एप्रिल-मेच्या उन्हात कात्री लावू नये. छाटणीनंतर कुजलेले शेणखत द्यावे. नत्रयुक्त खतांचा मारा केल्यास पाने माजतात आणि फुले घटतात.

रोप लावण्यापूर्वी त्याची पूर्ण वाढलेली रुंदी विचारून तेवढी जागा मोकळी सोडावी. पहिले वर्षभर बाग काहीशी रिकामी दिसेल. परंतु तिसऱ्या वर्षी ती जागा भरून येईल आणि कात्रीला फारसे काम उरणार नाही.