यंत्राशी बांधलेला परवाना आणि कराराची अमानत

मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर संगणकाला दीर्घायुष्य लाभत नाही. खारा वारा, पावसाळ्यातील ओल आणि विजेचा लपंडाव यांमुळे मदरबोर्ड गंजतो किंवा जळतो. मालक दुसरे यंत्र जुळवून घेतो आणि दुरुस्ती करणारा सहज सुचवतो की, जुन्यातली विंडोजच नव्यात बसवू. पैसे तर भरलेलेच आहेत. पैसे भरले होते हे खरे. ते कशाचे भरले होते, हे पाहिल्याशिवाय मात्र हलाल-हरामचा निर्णय होत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचा परवाना सामान्य ग्राहकाला दोन रीतींनी मिळतो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना जुन्या यंत्रावरून काढून आपल्याच दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. संगणकासोबत आधीच बसवून आलेला परवाना मात्र त्या यंत्रापुरताच असतो. तो दुसऱ्यास द्यायचा तर यंत्रासहित द्यावा लागतो. तो स्वस्त पडतो याचे एक कारण ही अटच आहे. विंडोज ८ पासून (२०१२) अशा यंत्रांची किल्ली बहुधा मदरबोर्डवरील चिपमध्येच साठवलेली असते. दोषामुळे उत्पादकाने तसाच मदरबोर्ड बदलून दिला, तर परवाना कायम राहतो. यंत्रच निराळे झाले की तो संपतो.

कुरआनच्या सूरह माइदाचा आरंभच ईमानधारकांना करार पूर्ण करण्याच्या आज्ञेने होतो. मुस्लिम आपल्या अटींना बांधील असतात, मात्र हलालला हराम किंवा हरामला हलाल ठरवणारी अट बंधनकारक नाही, अशा आशयाची हदीस तिर्मिजींनी नोंदवली आहे. आता ही अट त्या अपवादात बसते काय?

कोकणातील मुस्लिम बहुतांशी शाफई मताचे असल्याने त्या फिक्हच्या चौकटीत पाहू. निखळ विक्री असती, तर विकलेल्या वस्तूच्या वापरावर खरेदीदाराचे हात बांधणारी अट मान्य होणे कठीण होते. परंतु येथे प्रोग्राम विकला जात नाही, त्याच्या मर्यादित उपयोगाची मुभा दिली जाते. शाफई फुकहा उपयोगाच्या व्यवहारांत बारीक भेद करतात. भाड्याने घेणारा उपयोगाचा मालक होतो, म्हणून तो उपयोग दुसऱ्यास देऊ शकतो. आरियत, म्हणजे वापरायला मागून आणलेली वस्तू, घेणाऱ्यास मात्र केवळ मुभा असते आणि परवानगीशिवाय तो ती पुढे देऊ शकत नाही. परवान्यासाठी मोबदला दिलेला असल्याने तो पूर्णतः आरियत नव्हे. तरीही मुभा जेवढी दिली तेवढीच, हे तत्त्व त्यास लागू पडते असे आम्हांस वाटते. यांत्रिक नौकांच्या डिझेलवरील कराचा परतावा नोंदणी झालेल्या नौकेच्या नावाने मिळतो. ते डिझेल शेजारच्या बिगरनोंदणी होडीत ओतणे गैर आहे, हे आपल्या मच्छीमार बांधवांना वेगळे सांगावे लागत नाही.

१९८८ मध्ये कुवेत येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने लेखन, शोध व नवनिर्मितीचे हक्क शरीअतनुसार संरक्षित मानले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २ मार्च २०२१ च्या एका करविषयक निकालात म्हटले की, अशा परवान्याने वापरकर्त्यास कॉपीराइटमधील हक्क मिळत नाही.

एक आक्षेप वजनदार आहे. अट खोका उघडल्यावर कळते. मग संमती कुठली? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००० साली, यंत्रासोबत द्यायची विंडोज सुटी विकण्यास मायक्रोसॉफ्ट कॉपीराइटच्या आधारे मनाई करू शकत नाही, असा निर्णय दिला. तेथील मुस्लिमाने तेथील कायद्याचा आधार घेतला, तर त्यास दोष देता येणार नाही. आपल्याकडे मात्र पहिल्यांदा यंत्र सुरू करताना अटी पुढे येतात. त्या अमान्य असतील तर विक्रेत्याकडे परत करण्याविषयी विचारता येते. न वाचता ‘स्वीकार’ दाबला, म्हणून करार सुटत नाही.

दुसरा युक्तिवाद असा की, कंपनी परकी, बिगरमुस्लिम आणि अतिश्रीमंत आहे. हिजरतच्या रात्री प्रेषित (स.) यांनी मक्केवासीयांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले होते. ते ठेवीदार तर शत्रुपक्षाचे होते! ‘सक्रिय झाली, म्हणजे चालते’ हेही प्रमाण नव्हे. कुलूप उघडले म्हणून घर आपले होत नाही.

जरूरतचा, म्हणजे नाइलाजाचा, आधारही टिकत नाही. लिनक्सवर आधारित प्रणाली विनामूल्य व कायदेशीर आहेत. आपल्याच सी-डॅकची ‘बॉस’ ही त्यांपैकी एक. पत्रे, हिशेब आणि इंटरनेट एवढेच काम असेल, तर त्या पुरेशा आहेत. मराठी टंकलेखनाचा एखादा जुना प्रोग्राम विंडोजवरच चालत असेल, तर स्वतंत्र परवाना घ्यावा. तो महाग वाटला तरी पुढच्या यंत्रावर नेता येतो, आणि खाऱ्या हवेत हा लाभ लहान नाही.

वारसांच्या वाट्यास आलेल्या संगणकासोबत परवाना जातोच. मदरशास जुना संगणक देणाऱ्यानेही तो आतील विंडोजसह द्यावा, मात्र त्याच किल्लीने घरी दुसरी प्रत चालू ठेवू नये.