तव्यावरचा हलका पिझ्झा : चंद्रपूर-गडचिरोलीहून परदेशी येणाऱ्यांसाठी

इथे आलात की महिनाभरात मुलं घरी पिझ्झा मागू लागतात. दर वेळी विकत आणला तर खिसा हलका होतो आणि पोट जड. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बहुतेक घरांत ओव्हनची सवय नसते, म्हणून नवीन मंडळी बिचकतात. पण भाकर आणि धिरडं जमणाऱ्या हाताला हा पिझ्झा पाऊण तासात जमतो. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात स्थिरावलेल्या आमच्या घरांतला हा अनुभव.

तवा : घरचा खोलगट लोखंडी तवा सपाट काचेच्या शेगडीवर नीट टेकत नाही आणि साधा अ‍ॅल्युमिनियमचा इंडक्शनवर तापतच नाही. इथेच बिडाचा, कडा असलेला सपाट तवा घ्या; तो दोन्हीवर चालतो. काचेवर तो सरकवू नका, उचलून ठेवा. डिशवॉशरमध्ये घालू नका, गंजतो.

पीठ (चौघांसाठी) : कणीक १५० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चमचा, मीठ अर्धा चमचा आणि मावेल तेवढं घट्ट दही. यीस्ट नको. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात मिळणाऱ्या सेल्फ रेझिंग पिठात बेकिंग पावडर आधीच असते. मैद्याऐवजी ते वापरलंत तर पावडर निम्मी करा. वरोरा-राजुऱ्याकडच्यांना ज्वारीची आठवण येतेच. कणकेतला थोडा वाटा ज्वारीच्या पिठाला द्या, जास्त झालं तर पोळी फाटते. तांदळाचं पीठ लाटताना लावा, तळ कुरकुरीत होतो. गोळा वीस मिनिटं झाकून ठेवा, मग चार पातळ पोळ्या लाटा.

वरचा थर : टोमॅटो, लसूण, तिखट वेगळ्या भांड्यात आटवा, बिडात टोमॅटो शिजवला तर लोखंडाची चव उतरते. कांदा, पालक, मका, ढोबळी मिरची आधी परतून पाणी आटवून घ्या. ओल्या भाजीने पोळी लिबलिबीत होते आणि ती लपवायला आपण चीज वाढवत बसतो. भाजी कोरडी असली, चीज बारीक किसलेलं असलं, की एका पिझ्झ्याला २५-३० ग्रॅम पुरतं.

भाजणं : तेलाचं बोट फिरवून मध्यम आचेवर एक बाजू दोन-तीन मिनिटं भाजा. उलटवा, भाजलेल्या बाजूवर टोमॅटो, भाजी, चीज पसरा, झाकण ठेवा आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं थांबा. वरून सांभार आणि जवसाची चटणी भुरभुरा. कोरडा तवा मोठ्या आचेवर विसरू नका. धुराचा अलार्म वाजला तर अख्खी इमारत खाली उतरू शकते. पंखा आधीच सुरू करा.

शाकाहारी घरांसाठी : काही चीजमध्ये प्राण्यांच्या जठरातलं रेनेट असतं, अस्सल पार्मेजानमध्ये तर ते असतंच. वेष्टनावर ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेलं मोझरेला घ्या. अमेरिकेत ‘पार्ट स्किम’ मिळतं, त्यात स्निग्धांश कमी.

घरून आणायचीच तर जवसाची चटणी आणा. बाकी सगळं इथे मिळतं. ऑस्ट्रेलियात उतरताना मात्र खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जात जाहीर करा. लपवलेल्या पुडीलाही दंड होतो.