शस्त्रक्रियागृहात काम करू इच्छिणाऱ्या भाचीस पत्र

चि. मुग्धा हीस,

शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञ, म्हणजे रुग्णालयात ज्याला 'ओटी टेक्निशियन' म्हणतात तो, केवळ उपकरणे हाती देणारा मदतनीस असतो, हा समज मुग्धाने प्रवेशापूर्वीच सोडावा. कारण रुग्ण भुलेखाली असतो, शल्यविशारदाची नजर जखमेवर खिळलेली असते, आणि अशा वेळी निर्जंतुकतेची राखण परिचारिका व तंत्रज्ञ यांच्याच हाती राहते.

निर्जंतुकता म्हणजे नुसती स्वच्छता नव्हे, तर जिवाणूंच्या बीजाणूंसह एकही जंतू जिवंत न उरणे होय. बीजाणू, म्हणजे जिवाणूंचे चिवट कवचातील सुप्त रूप, उकळत्या पाण्यातही तग धरू शकते, म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेच्या यंत्रात, 121 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमान ठरावीक वेळ टिकवावे लागते. गठ्ठ्यावरील सूचक पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या, तरी गठ्ठा यंत्रातून जाऊन आला इतकेच त्यावरून कळते, आतील उपकरणांची ग्वाही मिळत नाही. हा फरक पहिल्याच वर्षी मनात पक्का व्हावा. हातमोजा निर्जंतुक नसलेल्या कशाला तरी लागला अशी नुसती शंका आली तरी तो बदलावा, आणि ती शंका इतर कोणाच्या लक्षात आली नसली तरी बोलून दाखवावी. (रबरी हातमोजे शस्त्रक्रियागृहात रुळले ते 1889-90 च्या सुमारास अमेरिकेत, विल्यम हॉलस्टेड यांनी जंतुनाशकाने हात सोलवटलेल्या परिचारिकेसाठी ते करवून घेतल्यानंतर, उपकरणे हाताळणाऱ्या हातांचे मोल त्यावरूनही कळावे.)

सर्वांत कठीण काम मोजणीचे आहे. मॉप व गॉझ, म्हणजे रक्त टिपण्याचे कापडी तुकडे, आणि सुया यांची संख्या आरंभी, शरीराची पोकळी बंद करण्यापूर्वी आणि त्वचा शिवण्यापूर्वी दोघांनी मिळून मोठ्याने मोजायची असते. आकडा जुळला नाही, तर वरिष्ठ कितीही घाईत असले तरी टाके थांबवण्यास सांगणे हे नवख्या तंत्रज्ञाचेही कर्तव्य ठरते. मग बादली, चादरी, जमीन तपासावी, आणि तरीही न सापडल्यास क्ष-किरण चित्र घ्यावे, कारण शस्त्रक्रियेच्या मॉपमध्ये त्यासाठीच त्या चित्रात दिसणारा धागा विणलेला असतो.

2021 च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला सहयोगी आरोग्यसेवेत स्थान दिले आहे, तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता पडताळावी. संलग्न रुग्णालयात रोज शस्त्रक्रिया होतात का, हे त्याहून महत्त्वाचे. शक्य झाल्यास तेथील ऑटोक्लेव्हची नोंदवही पाहण्याची परवानगी मागावी.

— मामा