समुद्र दिसतो, सातबारा दिसतो का?

मालवणच्या बाजारपेठेतून भरडावर आणि तिथून वायरीच्या रस्त्याला लागेपर्यंत ‘सी व्ह्यू लक्झरी फ्लॅट’चे फलक दिसतात. 9 ऑक्टोबर 2021 रोजी चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि मुंबईच्या चाकरमान्यांना गाव आणखी जवळ आल्यासारखं वाटलं. माझ्या मावसभावानं अशाच एका इमारतीत फ्लॅट घेतला. निवृत्तीचे पैसे घातले, वर कर्ज काढलं. तो मुंबईत, मी इथे. त्यामुळे पुढची सगळी धावपळ माझ्याकडे आली, आणि त्यातून जे कळलं ते इथे घर शोधणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर घालायला हवं असं मला कळकळीनं वाटतं.

दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडला होता. एक म्हातारी बाई कामावर येऊन उभी राहिली आणि तेव्हा मुंबईहून आलेल्या भावाला म्हणाली, “झिला, ह्या जमनीत माझा पन नाव आसा. माका कोणीच इचारूक नाय.” सातबारा काढला, तर नाव खरंच होतं. आमच्याकडे जमिनी पिढ्यान्‌पिढ्या सामाईक. एकाच उताऱ्यावर आजा-पणजांपासूनचे हिस्सेदार, निम्मे मुंबईला, काही वारलेले आणि त्यांची वारसनोंदच नाही. बिल्डरनं हाताशी आले त्यांच्या सह्या घेतल्या होत्या, उरलेल्यांचं पुढे बघू म्हणून काम सुरू केलं होतं. प्रकरण दिवाणी कोर्टात गेलं, मनाई हुकूम आला आणि काम थांबलं. त्या बाईला मी आजही दोष देत नाही. जमीन तिचीही आहे.

म्हणून नमुना फ्लॅटमधलं इटालियन मार्बल बघण्याआधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका बघा. त्यावरचं प्रत्येक नाव विकासकरारात आहे का, प्रत्येकाची सही आहे का, कुणी मुखत्यारपत्रावर सही केली असेल तर ते नोंदणीकृत आहे का, हे एकेक नाव घेऊन ताडून पाहा. जुने फेरफार काढा. ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळ, देवस्थान, वनसंज्ञा असं काही लिहिलेलं असेल किंवा जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असेल, तर तिथेच थांबून वकिलाला विचारा. वकील बिल्डरनं सुचवलेला नको. इथल्या दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा शोध घेणारा, इथले हिस्से-पोटहिस्से समजणारा हवा. त्याची फी फ्लॅटच्या किमतीपुढे काहीच नाही.

महारेरा, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, 1 मे 2017 पासून कार्यरत आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पाची कागदपत्रं, मंजूर नकाशे, कोर्टातले दावे संकेतस्थळावर पाहता येतात. जमीन 500 चौरस मीटरच्या आत असेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीची सक्ती नाही, आणि मालवणसारख्या गावात लहान इमारती पुष्कळ. तिथे ग्राहकानं दुप्पट सावध राहावं. करार नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याला कायद्यानं मनाई आहे. भावाकडून मात्र त्याच्या कितीतरी पट रक्कम साध्या पावतीवर घेतली गेली होती. जमिनीच्या हक्कातल्या दोषामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागायला मुदतीची आडकाठी नाही, हेही लक्षात ठेवा. महारेराकडे तक्रार केल्यावर भावाला व्याजासह परताव्याचा आदेश मिळाला. पण आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं होत नाही. बिल्डरनं दिले नाहीत, तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करावी लागते. ती वसुली अजून चालू आहे आणि कर्जाचे हप्तेही चालू आहेत.

समुद्रासाठीच जादा दर लावतात, तेव्हा समुद्राचा कायदाही तपासा. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा किनारा आणि खाडीकाठचा पट्टा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात, येतो. मंजूर किनारा नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर कुठे पडतो ते पाहा. तारकर्ली-देवबागकडे ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला पुढे करतात, पण तो म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटवर उद्या किती मजले चढू शकतात, तेही विचारा. दृश्याची हमी करारनाम्यात कुणी लिहून देत नाही.

वर्षभर पर्यटकांचं भाडं येईल, असं सांगितलं जातं. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हाचा हिशेब मागा.

घर डिसेंबरात बघू नका, जुलैत बघा. दर्यावरचा वारा पाऊस आडवा मारतो. खिडकीच्या चौकटीतून पाणी आत येतं का, जिन्यातल्या भिंतींना ओल आहे का, बाल्कनीचा कठडा लोखंडी असेल तर खाऱ्या हवेनं किती गंजलाय, सगळं तेव्हा कळतं. एप्रिल-मे महिन्यात पुन्हा एक फेरी मारा आणि विहिरीचं पाणी चाखून पाहा. किनाऱ्यालगत ते मचूळ होतं. इमारतीला नगरपरिषदेच्या नळाची जोडणी आहे की नुसती बोअरवेल, आणि या रेताड जमिनीत सांडपाणी नेमकं कुठे सोडलंय, हे विचारायला संकोच करू नका. मे 2021 मधलं तौक्ते वादळ ज्यांनी काढलं त्या शेजाऱ्यांकडे बसा. वीज नसताना पाणी वर कसं चढवलं, ते त्यांना विचारा. मग बिल्डरला विचारा की जनरेटर फक्त लिफ्टला जोडणार की पाण्याच्या पंपालाही, आणि उत्तर करारनाम्यात लिहून घ्या.