गाडी सुरू होते, मग बंद का पडते?

विद्यार्थी मित्रहो, या अंकातला विज्ञानाचा पाठ प्रयोगशाळेत नाही, सराफ्यात घडला आहे.

बक्षीस समारंभासाठी चांदीची पदके आणायला आम्ही सराफ्यात गेलो होतो. काम आटोपेपर्यंत दिवेलागण झाली. सराफांच्या दुकानांची शटर खाली येत होती आणि त्यांच्यासमोर खाण्याच्या दुकानांच्या भट्ट्या पेटत होत्या. आमची जुनी स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली. गर्दीतून दोन-तीन मिनिटे रांगत चालली आणि बंद पडली. थोडे थांबून किक मारली, की सुरू; दोन-तीन मिनिटांनी पुन्हा बंद. असे तीनदा झाले.

आपल्या इंदुरात गाडी बंद पडली की सल्ला फुकट मिळतो. एकजण म्हणाले, "प्लग बदला." दुसरे म्हणाले, "कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला असेल." तिसरे म्हणाले, "टाकीचे झाकण उघडून पाहा." तिसऱ्यांचा अंदाज खरा निघाला, पण तिथे झाकण उघडणे धोक्याचे होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि काही हात दूर असलेल्या भट्टीलाही गाठू शकते. म्हणून गाडी ढकलत राजवाड्यासमोर मोकळ्या जागेत आणली आणि इंजिन थोडे निवू दिले.

आता विचार करू. पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते. इंजिन सुरू झाले, याचा अर्थ त्या क्षणी तिन्ही गोष्टी हजर होत्या. तेव्हा "काय नाही?" असे विचारण्यापेक्षा "सुरू झाल्यावर काय संपले?" असे विचारायला हवे.

आमच्याकडे दोन खुणा होत्या. एक, इंजिन खटकन बंद होत नव्हते. आचके देत, दम लागल्यासारखे थांबत होते. ठिणगी गेली की बहुधा इंजिन दिवा मालवल्यासारखे एकदम थांबते. पेट्रोल कमी पडले की ते असे आचके देते. दुसरी खूण, त्याच दुपारी आम्ही टाकी काठोकाठ भरली होती.

या स्कूटरची टाकी कार्ब्युरेटरच्या वर असते. पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरते. जेवढे उतरेल तेवढी हवा वरून आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले तर आतली हवा विरळ होते आणि पेट्रोल खाली येईनासे होते. बाटली पूर्ण उपडी केली की पाणी अडखळत येते, ते याच कारणाने.

थोडे गणित करू. 30 सेंटिमीटर उंचीच्या पेट्रोलचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 2 टक्केच असतो. टाकीत 200 मिलिलिटर हवा असेल, तर बॉइलच्या नियमाप्रमाणे सुमारे 4 मिलिलिटर पेट्रोल उतरताच प्रवाह अडायला लागेल. पेट्रोलची वाफ ही तूट थोडी भरून काढते, म्हणून प्रत्यक्षात याहून थोडे जास्त उतरते. अर्धी रिकामी टाकी असती, तर हाच दोष कितीतरी उशिरा दिसला असता. टाकी भरल्यावरच गाडी का रुसली, ते आता कळले ना?

आम्ही झाकण उघडले. "फुस्स" असा आवाज आला. छिद्र साफ केले आणि गाडी घरापर्यंत एकदाही थांबली नाही. खर्च शून्य. याच तक्रारीसाठी मागे दोनदा प्लग बदलला होता, हे कबूल करायला हवे.

पालकांसाठी आणखी काही खुणा देत आहोत.

1. चोक दिला की चालते, चोक काढला की बंद. किंवा रेस दिली तरच चालते: कार्ब्युरेटरचा लहान जेट बुजला असण्याची शक्यता.

2. न्यूट्रलमध्ये चालते, गिअर टाकताच बंद: आधी साइड स्टँड पाहा. नव्या अनेक मोटरसायकलींत स्टँड खाली असेल तर इंजिन मुद्दाम बंद होते.

3. गरम झाल्यावर एकदम बंद, निवल्यावर सुरू: इग्निशन कॉइल किंवा सैल वायर.

4. मोटार सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद आणि किल्लीच्या खुणेचा दिवा लुकलुकतो: चोरीविरोधी यंत्रणेने किल्ली ओळखली नसावी. दुसरी किल्ली लावून पाहा.

5. पावसाळ्यात टाकीत पाणी गेल्यास: इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून तळाशी बसतात. टाकी रिकामी करण्याचे काम मिस्त्रींकडेच द्यावे.

एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 नियम आल्यावर बहुतेक नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. त्यात किल्ली फिरवल्यावर पंपाचा क्षणभर आवाज येतो का आणि इंजिनाचा दिवा पेटून राहतो का, हे पाहावे. यंत्र बदलले, तरी पेट्रोल, हवा आणि ठिणगी हा हिशेब तोच आहे.

एक ताकीद. बंद गॅरेजमध्ये किंवा शटर ओढून इंजिन चालवून पाहू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस कळायच्या आत बेशुद्ध होतो. आणि अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांनी निरीक्षण करावे, पाने हाती घ्यावेत ते मोठ्यांच्या समोरच.

पीथमपूरच्या कारखान्यांत आपल्यापैकी कितीतरी जणांचे पालक काम करतात. त्यांना विचारा, तेही हेच सांगतील की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, मग पाहावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

घरचा अभ्यास: टाकीत 200 ऐवजी 2000 मिलिलिटर हवा असती, तर प्रवाह अडण्यापूर्वी किती पेट्रोल उतरले असते? वाफेचा विचार न करता उत्तर वहीत लिहून आणा.